हुसैनीवालाला जायचं तर कोणत्या दिवशी जावं

राजगुरुनगरहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: "वडील 74 वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. हुतात्मा राजगुरूंची समाधी पाकिस्तानच्या सीमेवर हुसैनीवालाला आहे, ती एकदा बघायची त्यांची फार इच्छा आहे. तिथल्या स्टेशनात वर्षातून दोनदाच गाडी जाते असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आता त्याच गाडीनं जायचं म्हणून हटून बसलेत. हे जमण्यासारखं आहे का? परवानगी लागते का? फोटो काढू देतात का? आणि एरवी कधी गेलो तर स्टेशन बघायला मिळतं का?"

जमतं. मी स्वतः दोनदा जाऊन आलोय, एकदा चुकीच्या दिवशी आणि एकदा बरोबर दिवशी. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात मी 34 वर्षं स्टेशन मास्तर होतो. निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात, मी रूळ जिथे संपतात ती ठिकाणं बघत फिरतो. घरचे याला वेड म्हणतात, त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

आधी तुमच्या वडिलांचं वाचन बरोबर आहे हे त्यांना सांगा. फिरोजपूर छावणी, म्हणजे फिरोजपूर कॅन्टपासून हुसैनीवालापर्यंत दहा-अकरा किलोमीटरचा फाटा आहे. त्यावर रोजची प्रवासी गाडी नाही. 23 मार्चला हुतात्मा दिनाच्या मेळ्यासाठी आणि 13 एप्रिलला बैसाखीसाठी उत्तर रेल्वे तिथे डीएमयूच्या, म्हणजे वेगळं इंजिन न लागणाऱ्या डिझेल गाडीच्या, खास फेऱ्या सोडते. 23 मार्चला दिवसभरात बऱ्याच फेऱ्या होतात. वेळा दरवर्षी वेगळ्या असतात, त्यामुळे आठवडाभर आधी फिरोजपूर कॅन्टच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्यायचं. या गाडीचं आधी आरक्षण वगैरे काही नसतं. खिडकीवर साधं तिकीट काढायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं.

म्हणजे हे स्टेशन दुर्गम आहे, पण अंतरानं नव्हे. फिरोजपूरहून ऑटोवाला तुम्हाला अर्ध्या तासात तिथे नेऊन सोडतो. ते दुर्गम आहे टाइमटेबलात. म्हणून बेत आखताना नकाशा बाजूला ठेवा आणि कॅलेंडर समोर घ्या. मी नेमकं उलटं केलं होतं, ते सांगतो.

मुंबईहून फिरोजपूरला थेट जाणारी गाडी म्हणजे आपली पंजाब मेल. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, सुमारे 1,930 किलोमीटर धावते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे फिरोजपूर कॅन्टला टेकते. भुसावळला ती रात्री दोन-अडीचला येते. आता 'बावीस तारखेच्या रात्रीची मेल' असं आपण घरात बोलतो तेव्हा ती खरं तर तेवीस तारखेची असते. ज्या माणसानं आयुष्यभर प्रवाशांना "रात्री बारानंतर तारीख बदलते हो" असं खिडकीतून ओरडून सांगितलं, त्यानं स्वतःचं तिकीट काढताना बावीसची रात्र म्हणून तेवीसची तारीख टाकली. मेल वेळेवर पोचली, पण चोवीस मार्चच्या पहाटे. मेळा आदल्या दिवशीच उठला होता. बायकोला मी ही गोष्ट आजही पूर्ण सांगितलेली नाही.

तुम्ही नाशिकरोडहून बसाल तर हा घोळ होणार नाही, कारण तिथे मेल रात्री अकराच्या आसपास, त्याच तारखेला येते. राजगुरुनगरहून तुम्हाला तेच सोयीचं. पुणे-नाशिक रस्त्यानं सरळ नाशिकरोड गाठा, पुण्याला मागे जाऊन कल्याण गाठण्यापेक्षा वडिलांना त्रास कमी. मनमाडहून बसणार असाल तर मात्र तारीख दोनदा तपासा, तिथे मेल मध्यरात्रीच्या काठावर येते.

माझा सल्ला असा: 20 मार्चच्या मेलनं निघा, 22 च्या पहाटे पोचा. एक दिवस हातात ठेवा. 34 तासांच्या प्रवासानंतर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच सकाळी गर्दीत उभं करू नये, आणि मेल चार तास उशिरा आली तर सगळा बेत कोसळू नये. आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस नोव्हेंबर 2024 पासून गेले. म्हणजे 20 मार्चचं तिकीट साधारण 19 जानेवारीला सकाळी आठला काढायचं. आणि एक खिडकीआतली गोष्ट: ज्येष्ठांना तिकिटात सवलत राहिलेली नाही, पण खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा आहे. तो एकट्या ज्येष्ठाला किंवा दोन ज्येष्ठांच्या तिकिटाला मिळतो. तुम्ही आणि वडील एकाच तिकिटावर असाल तर तो कोटा लागू होत नाही. दोन वेगळी तिकिटं काढा, वडिलांचं त्या कोट्यातून आणि तुमचं साधं. डबा वेगळा आला तर गाडीत बदलून घेता येतं. खालचा बर्थ सोडून वर जायला तयार असलेला माणूस दिसला की लोक आनंदानं अदलाबदल करतात.

या गाडीबद्दल वडिलांना प्रवासात सांगायला एक गोष्ट. पंजाब मेल 1 जून 1912 ला पहिल्यांदा सुटली ती व्हीटीहून नव्हे, बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून. विलायतेहून टपाल आणि साहेब घेऊन आगबोट लागायची, तिला जोडून ही गाडी निघायची. ती लाहोरवरून थेट पेशावरपर्यंत जायची, सुमारे 2,500 किलोमीटर, 47 तासांत. 1947 नंतर तिचा शेवट फिरोजपूर झाला. फिरोजपूर हे कधी शेवट म्हणून बांधलेलं ठिकाण नव्हतं, आणि हुसैनीवाला तर मुळीच नव्हतं. गावोगावचे व्हिडिओवाले 'भारतातलं शेवटचं स्टेशन' म्हणून जे दाखवतात, त्यात ही गोष्ट हमखास सुटते. फिरोजपूर ते कसूर ही लाहोरकडे जाणारी चालती लाईन होती आणि हुसैनीवाला तिच्यावरचं मधलं स्टेशन. सतलजवरचा कैसर-ए-हिंद पूल व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1880 च्या दशकात बांधला गेला. कसूर, म्हणजे सूफी कवी बुल्लेशाहचं गाव, फिरोजपूरहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. आपल्याकडे राजगुरुनगरहून चाकणला जाऊन परत यावं तेवढंच.

फाळणीनं ही लाईन कापली, पण इथलं कापणं साधं नव्हतं. ऑगस्ट 1947 च्या दुसऱ्या आठवड्यात पंजाबच्या गव्हर्नरकडे फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्याचा जो कच्चा आराखडा पोचला, त्यात फिरोजपूर आणि झिरा हे तालुके पाकिस्तानात दाखवले होते. 17 ऑगस्टला जाहीर झालेल्या अंतिम निवाड्यात ते भारतात आले. का बदललं यावर आजही दोन्हीकडे वाद घालणारे आहेत. त्यात एक कारण सतत पुढे येतं, ते पाण्याचं. हुसैनीवालाला सतलजवर बंधारा आहे आणि त्यातून बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी नेलेला गंग कालवा निघतो. 1927 साली तो सुरू झाला आणि राजस्थानातलं श्रीगंगानगर हिरवं झालं. बंधारा हातातून जाणं बिकानेरला परवडणारं नव्हतं.

गंमत बघा, निवाडा भारताच्या बाजूनं लागूनही समाधीची जागा मात्र पलीकडे राहिली. 1961 मध्ये भारतानं सुलेमानकी बंधाऱ्याजवळची बारा गावं देऊन ती परत घेतली. तीन माणसांच्या राखेसाठी बारा गावं दिली असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. सरकारी कागदात तो सीमा सरळ करण्याचा व्यवहार होता, पण लोकांचं म्हणणंही खोटं नाही.

तुम्ही राजगुरुनगरचे, पूर्वीच्या खेडचे, म्हणजे पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. 23 मार्च 1931 ला लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि शिवराम हरी राजगुरू यांना ठरल्या वेळेच्या आधीच, संध्याकाळी फाशी दिली. बाहेर जमाव जमेल या भीतीनं मृतदेह मागच्या बाजूनं काढले आणि रातोरात सतलजकाठी आणून घाईनं जाळले. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे 1965 मध्ये भगतसिंगांचे साथीदार बटुकेश्वर दत्तांनाही त्यांच्या इच्छेप्रमाणे इथेच अग्नी दिला, आणि नंतर भगतसिंगांच्या आई विद्यावतीदेवींनाही. समाधीवर मराठीत काही लिहिलेलं शोधू नका. पण पंजाबातल्या सत्तरीच्या सरदारजीला "हम राजगुरु के गाँव से आये हैं" म्हणून सांगा आणि काय होतं ते बघा. मी भुसावळचा, तरी 'महाराष्ट्र' एवढं म्हटल्यावर मला तिथे दोन वेळा चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. तुमच्या वडिलांना तर खांद्यावर घेतील. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही, मेळ्यात माणसं भावनेनं भरलेली असतात. म्हणून वडिलांच्या खिशात गावाचं नाव असलेलं आधार कार्ड ठेवा. ते तपासणीलाही लागतं, आणि दाखवायलाही बरं.

1971 च्या युद्धानं उरलंसुरलं संपवलं. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं इथे जोरदार हल्ला केला, लढाई भयानक झाली, पूल मोडला आणि स्मारकावरचे पुतळे पाकिस्तानी फौजेनं नेले. स्मारक 1973 मध्ये पुन्हा उभं राहिलं. रेल्वेचा पूल मात्र पुन्हा झाला नाही. जुन्या पुलाचे खांब अजून दिसतात. रस्त्यासाठी लष्करानं तात्पुरती सोय केली होती, तिच्या जागी सीमा रस्ते संघटनेनं 2018 मध्ये सुमारे 280 फुटांचा पूल केला. 1971 च्या आधी माणसं आणि मालाचे ट्रक इथून पलीकडे जात असत, नंतर ती वाहतूक अमृतसरजवळच्या वाघा सीमेकडे गेली. इथे राहिली ती सीमेवर झेंडे उतरवतानाची संध्याकाळची परेड.

आता चुकीच्या दिवशी गेलेल्याचं काय ते सांगतो, कारण तुमचा शेवटचा प्रश्न तोच आहे.

चोवीस मार्चला सकाळी मी ऑटोनं गेलो. दोन्ही बाजूंना गहू, अजून पुरता पिवळा न झालेला. स्टेशनशी उतरलो तर चिटपाखरू नाही. गुरुमुखी, हिंदी, इंग्रजी अशी तीन लिप्यांतली पाटी, फलाट, आणि आदल्या दिवशीचा कचरा: पत्रावळी, केशरी झेंड्याचे कागद, फुटका फुगा. तिकीट खिडकी बंद. मास्तर नाही, पॉइंटमन नाही, चहा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायलाही कुणी नव्हतं. मी रुळाजवळ वाकून पाहिलं. आदल्या दिवशी इतक्या फेऱ्या होऊनही रुळाच्या माथ्यावर चकाकी होती ती बोटभर रुंदीची, कडेला गंज तसाच.

हे रेल्वेवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. रोज चालणारा रूळ वरून आरशासारखा असतो. जो रूळ वर्षभर पडून राहतो, त्यावर गंजाचा थर चढतो, आणि त्यावरून गाडी गेली तरी ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळावर गाडी आहे हे विजेनं ओळखणाऱ्या यंत्रणेला, ती नीट कळेलच असं नाही, कारण चाक आणि रूळ यांच्यात वीज वाहायला तो थर आडवा येतो. म्हणून अशा फाट्यावर गाडी सोडायची म्हणजे फक्त सिग्नल खाली करणं नसतं. आधी पी-वेचे, म्हणजे रूळ सांभाळणारे लोक ट्रॉलीनं सगळी लाईन बघून येतात, कीमन रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या ठोकतो, फाटकांवर माणसं बसवतात, गवत काढतात. टोकाच्या छोट्या फाट्यांवर चालवायची एक जुनी सोपी पद्धतही आमच्या नियमांत आहे, 'वन ट्रेन ओन्ली'. गाडी आत गेली की ती परत येईपर्यंत दुसरी सोडायचीच नाही. समोरून येणारं कुणी नसतंच, मग टक्कर कशी होणार? शाळेतल्या पोराला कळेल असा नियम आहे, आणि मला सगळ्या नियमपुस्तकात तोच सर्वांत आवडतो.

डीएमयू का सोडतात तेही वडिलांना सांगा, एसटीवाल्याला आवडेल. इंजिनाची गाडी टोकाला नेली तर इंजिन सुटं करून दुसऱ्या तोंडाला लावायला बाजूची लाईन लागते. डीएमयूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते. ड्रायव्हर एका टोकाला उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, बसतो आणि निघतो. गार्डही तसाच, उलट्या दिशेनं. गार्डाला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं असतं, 2022 पासून. माझ्या तोंडी ते काही बसत नाही.

त्या सकाळी मी बफरपर्यंत चालत गेलो. बफर म्हणजे रूळ संपतात तिथला अडथळा. मी उभ्या आयुष्यात शंभर बफर पाहिले असतील, ते सगळे बांधणाऱ्यानं ठरवलेले. इथला तसा नाही. रूळ पुढे जायचेच होते, त्यांना थांबवलंय. पुढे काही अंतर सरळ बघितलं की डोळा आपोआप जुनी लाईन ओढत नेतो, पुलाच्या खांबांकडे आणि त्यापुढे. मी तिथे किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. शेवटी लांबून एक जवान चालत आला, अगदी सौजन्यानं म्हणाला, "बाबाजी, इधर तक ठीक है, आगे नहीं।" मी रेल्वेतला म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तो आप तो जानते ही हैं।" मी मागे फिरलो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एरवी गेलात तर समाधी रोज बघता येते, परेड बघता येते, स्टेशनही बाहेरून बघता येतं, पण ते रिकामं असतं. मला ते रिकामं स्टेशन जास्त भावलं, पण ती माझी खोड आहे. तुमच्या वडिलांसाठी 23 मार्चच. त्यांना गाडीनं जायचंय, आणि त्या दिवशी गाडीही आहे आणि हुतात्म्यांचा मेळाही. शिवाय पुढे कधी परत यायला मिळेलच असं धरून चालू नका.

पुढच्या वर्षी मी बरोबर दिवशी गेलो. काय अपेक्षा ठेवायची ते थोडक्यात सांगतो. फिरोजपूर कॅन्टच्या फलाटावर सकाळपासून बसंती पगड्यांचा समुद्र. पहिली फेरी गाठा, दुपारनंतर डब्यात पाय ठेवायला जागा नसते. गाडी हळू जाते, दहा-अकरा किलोमीटरला आपण विचार करू त्यापेक्षा बराच वेळ लागतो, आणि ते बरंच आहे. फाटकाफाटकांवर शाळेची मुलं हात हलवत उभी असतात, कारण त्यांच्यासाठीही ही गाडी म्हणजे वर्षाचा सण. हुसैनीवालाला उतरल्यावर गर्दी आपोआप स्मारकाकडे वाहते. वडिलांना चालवू नका, ई-रिक्षा मिळतात. मेळ्यात पक्षांचे मंडप असतात, भाषणं असतात, मोठे मंत्री येतात आणि मंत्री आले की रस्ते अडतात. त्यामुळे रस्त्यानं येणारे तासन् तास अडकतात आणि रेल्वेनं येणारे सुटतात, हा त्या गाडीचा खरा फायदा. जेवणाची चिंता नको, लंगर जागोजागी. फक्त पाण्याची बाटली आणि वडिलांची औषधं जवळ ठेवा. आणि एक ठिकाण ठरवून ठेवा, चुकामूक झाली तर भेटायला. त्या दिवशी फोन लागेलच असं नाही.

परेड संध्याकाळी असते, वेळ ऋतूप्रमाणे बदलते. वाघ्याच्या मानानं इथे गर्दी कमी आणि अंतर फार कमी. पलीकडचे प्रेक्षक चेहरे ओळखू येतील इतके जवळ बसतात. मे 2025 च्या संघर्षानंतर ही परेड काही दिवस बंद होती. पुन्हा सुरू झाली ती दरवाजे न उघडता आणि दोन्हीकडच्या जवानांचं हस्तांदोलन न होता. तुम्ही जाल तेव्हा काय पद्धत असेल ते फिरोजपूरला हॉटेलवाल्याला विचारा, त्यांना रोजची खबर असते. मेळ्याच्या दिवशी परेडला वडिलांना न्यायचा हट्ट करू नका. बावीस तारखेला संध्याकाळी परेड उरका आणि तेवीसला फक्त गाडी आणि समाधी.

परवानगीबद्दल. भारतीय नागरिकाला समाधी, परेड आणि मेळ्याच्या गाडीसाठी वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र लागतं, तपासणी होते आणि मोठ्या पिशव्या अडवतात. पंजाबात सीमा सुरक्षा दलाचं कार्यक्षेत्र 2021 पासून सीमेपासून 50 किलोमीटर आत आलंय, त्यामुळे वाटेत कुठेही थांबवून विचारलं तर बिचकू नका, सरळ उत्तर द्या. तणावाचा काळ असेल तर सगळंच बदलतं. बातम्या बघून निघा.

फोटो: समाधीचे, गाडीचे, स्टेशनच्या पाटीसमोर वडिलांचे खुशाल काढा. पूल, बंधारा, चौक्या, बंकर, तारेचं कुंपण यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. गाडीतून सलग व्हिडिओ काढत जाणाऱ्यांना मी तिथे मोबाइल पुसून द्यायला लागलेलं पाहिलंय, आणि त्यात जवानाचं काही चुकत नव्हतं. ड्रोनचा विचारही नको, त्या पट्ट्यात ड्रोन म्हणजे हेरॉइन आणि पिस्तूल आणणारी वस्तू असा अर्थ आहे. फोनचं रोमिंग बंद ठेवा. पलीकडचं नेटवर्क पकडलं तर घड्याळ अर्धा तास मागे जाऊ शकतं, आणि परतीची गाडी चुकवायला अर्धा तास पुरतो.

फिरोजपुरात एक दिवस आहेच, तर दोन ठिकाणं बघा. सारागढीचं गुरुद्वारा, 1897 मध्ये सारागढीच्या लढाईत पडलेल्या 21 शीख सैनिकांच्या आठवणीत 1904 साली उभं राहिलेलं. आणि तूडी बाजारातलं ते घर, जिथे क्रांतिकारकांचा गुप्त अड्डा होता. गल्ली अरुंद आहे आणि घर साधं आहे, तेच त्याचं वैशिष्ट्य.

उन्हाळ्यात जाऊ नका आणि पावसाळ्यात तर नाहीच. ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये सतलजच्या पुरानं फिरोजपूरची सीमेवरची गावं पाण्याखाली गेली होती. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं मेल किती उशीर करेल याचा नेम नाही. 13 एप्रिलचा पर्याय वाईट नाही, मेळा लहान असतो, गहू कापणीला आलेला असतो, पण ऊन चढतं.

काही जण विचारतील की सीमेवरचं खरं एकाकी स्टेशन बघायचं तर मुनाबाव का नको. मुनाबाव बाडमेरच्या वाळवंटात आहे आणि खरोखरच दूर आहे. तिथून 2006 ते 2019 थार एक्सप्रेसचे प्रवासी पलीकडे जात होते. पण तो संपूर्ण सीमापट्टा प्रतिबंधित आहे, बाहेरच्या माणसाला बाडमेरच्या प्रशासनाकडून रीतसर परवानगी काढावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी नको. तिथे राजगुरूही नाहीत.

परतीची मेल फिरोजपूरहून रात्री सुटते. 23 ची परत नका धरू, मेळ्याहून वेळेत कॅन्टला पोचणं नशिबावर असतं. 24 ची धरा. सकाळ रिकामी मिळेल. वडिलांची तयारी असली तर ऑटोनं पुन्हा एकदा स्टेशनवर जाऊन या, अर्धा तास पुरे. फलाटावर केशरी कागद पडलेले असतील, रुळावर बोटभर चकाकी असेल. बफरपर्यंत जा, पुढे नको. कुणी आलंच चालत, तर त्याला सांगा की आम्ही खेडचे. आमच्या गावात रेल्वे नाही, म्हणून बघायला आलो.